आम्रपालीच्या भिंतीवरचे बोर्ड

तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मला खैरलांजीच्या एका मिठाईवाल्याच्या एलईडी पाटीनं हरवलं. अक्षरं सारखी थरथरायची. शेवटी चडफडत ती बालाघाटला, अशा पाट्या दुरुस्त करणाऱ्या तरुण आम्रपाली मेश्रामच्या दुकानात नेली.

पोरीनं आधी पाटीतल्या दोन्ही बोर्डांचे, अक्षरांचा सिग्नल पाठवणाऱ्या आणि दिव्यांच्या, व्होल्ट मोजले.

“काका, हा बोर्ड सव्वातीन व्होल्टचा सिग्नल देते, पाटीले पाच पाहिजे. अन् सिग्नल लय वेगानं जाते, लांब केबलीत बिघडते.”

तिनं मधे व्होल्ट वाढवणारी वेगवान चिप बसवली, लांब केबल वीतभर केली. अक्षरं जागच्या जागी थांबली.

“तुले कसं समजलं?”

तिनं भिंतीवर टांगलेले सात जळके बोर्ड दाखवले. “हे मीच जाळले, शिकता शिकता.”

माझे जळलेले बोर्ड मी आजवर पोत्यात लपवत आलो होतो.