खांड म्हणजे साखर नव्हे

फोन सकाळी आला. आमच्या रोह्याच्या घरात फोन तसा नवाच, त्यामुळे तो वाजला की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून सगळे धावतात. त्या दिवशी मी आधी पोचले. पलीकडे पेणहून माझी ताई होती. "ते गेले गो," एवढंच म्हणाली. दुसरी कुणी असती तर तिनं हंबरडा फोडला असता. मी म्हणाले, "भावोजी गेले. बरोबर?" ताई म्हणाली, "बरोबर." आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आमचे हे शेजारीच उभे होते. बातमी ऐकून ती परत विचारणारी बायको बघून ते जरा दचकलेच, पण मग त्यांच्याही लक्षात आलं की ही सवय मला कुणाची लागली ते.

सवय भावोजींचीच. सुभेदार दामोदर म्हात्रे. पेणच्या खाडीकडच्या गावचे, फौजेत वायरलेसवर आयुष्य काढलेले, निवृत्त होऊन पेणलाच रामवाडीत छोटंसं घर बांधून राहिलेले. वायरलेसवर निरोप आला की तो जसाच्या तसा उलट म्हणून दाखवायचा, समोरच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच तो निरोप पोचला असं धरायचं, अशी तिथली शिस्त. फौज सुटली, शिस्त सुटली नाही. ताईनं सांगावं, "येताना कोथिंबीर आणा," तर भावोजी चपला घालता घालता म्हणणार, "येताना कोथिंबीर. बरोबर?" लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं ते सुट्टीपुरतेच घरी यायचे म्हणून ताईला त्याचं कौतुक होतं. कायमचे घरी आल्यावर ती वैतागली. मला म्हणायची, "बाजाराला पाठवते का लढाईला, तेच कळत नाय गो." मी मात्र त्यांच्याकडे बघतच राहायची. इतका कमी बोलणारा माणूस दुसऱ्याचं वाक्य इतकं मन लावून का म्हणतो, हे मला काही केल्या उमगायचं नाही. एकदा विचारलंच, "निरोप चुकला तर काय होतं हो भावोजी?" तेव्हा त्यांनी आधी माझा प्रश्न मला परत म्हणून दाखवला आणि मग म्हणाले, "फार काही नाही. माणसं चुकीच्या जागी जाऊन वाट बघत बसतात."

असा माणूस निवडणुकीच्या भानगडीत पडला कसा, याचं मला आजही नवल वाटतं. एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून ज्यानं कधी हुज्जत घातली नाही, तो जिल्हा परिषदेचं तिकीट मागायला गेला! माझा अंदाज असा, की बी पडलं ते निडीला. नव्वदीची सुरुवात असेल. भावोजी आणि मी पेणहून रोह्याला पॅसेंजरनं येत होतो. गाडी निडीला क्रॉसिंगसाठी अडकली. समोरच्या बाकावर आतल्या गावातली एक बाई वालाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, ती वैतागून आपलं गाऱ्हाणं मांडायला लागली. गावचा रस्ता, पावसात वाहून गेलेली मोरी, त्यामुळे डोक्यावरून वाहावा लागणारा माल. डब्यातले बाकीचे बाहेर बघत होते. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोरी वाहून गेली, टेम्पो गावात येत नाही, वाल डोक्यावरून आणावे लागतात. बरोबर?" बाई त्यांच्याकडे बघायला लागली. मग गाठोडं सावरत म्हणाली, "साहेब, तुमी इलेक्शनला हुबं हाव काय?" मला हसू आवरेना. भावोजी हसले नाहीत. रोहा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या स्वतःच्या गावाचं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे खाडीला लागून जमिनी, आणि त्या जमिनी आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा बांध. तो बांध फुटून भगदाड पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली, म्हणजे बांध असा फुटला, की उधाणाला खारं पाणी आत शिरतं आणि ज्या शेतात भात पिकायचा तिथे नुसतं मीठ फुलतं. त्यांच्या गावची खांड कधीपासून उघडी होती. घरटी एक माणूस बाहेर पडून मातीची घमेली टाकायचा, पुढच्या पुनवेला सगळं वाहून जायचं. भात गेला तशी माणसं दुसऱ्यांच्या मिठागरांवर कामाला जायला लागली. मोठं यंत्र आणि दगड सरकारनं दिल्याशिवाय ती खांड भरणार नव्हती. आणि तिकीट मिळालं तर हे काम होईल, असं भावोजींनी मनाशी धरलं. त्यांना दुसरं काही नको होतं.

तिकिटासाठी किती जण इच्छुक होते म्हणता... पेणच्या ज्या कार्यालयात मुलाखती होत्या तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. एक ठेकेदार, एक माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त गुरुजी, एकाच घरातले पण एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ, आणि आणखी बरेच. प्रत्येकानं टेम्पो भरभरून माणसं आणलेली. आम्हाला आत घेईनात म्हणून शेजारच्या गणपतीच्या कारखान्याच्या अंगणात बसवलं. रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीनं वाळत होते आणि त्यांच्या मधोमध वेगवेगळ्या इच्छुकांचे कार्यकर्ते एकमेकांच्या विड्या पेटवून देत होते. भावोजींच्या बाजूनं आम्ही चौघंच. ताई, मी, शिफ्ट बदलून आलेले आमचे हे, आणि त्यांच्या गावची आनंदीआत्या. आत्या मिठागरावर राबून काळीभोर झालेली, सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. आमच्या यांनी भावोजींना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "साहेब म्हणतील त्याला हो म्हणायचं, नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं." भावोजी म्हणाले होते, "हो म्हणायचं, नमस्कार करायचा, बाहेर यायचं. बरोबर?" त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

पक्षानं पाठवलेले निरीक्षक घाटावरचे. खांडसरीचा, म्हणजे देशी साखरेचा, कारखाना असलेलं बडं प्रस्थ. त्यांना मुलाखती सगळ्यांसमोर घ्यायची आवड होती, म्हणून भावोजींचं नाव पुकारल्यावर आम्हीही आत शिरलो आणि भिंतीला टेकून उभे राहिलो. भावोजी ताठ उभे. फौजेतली नोकरी, वय, गाव, सगळं झालं. निरीक्षक खूश दिसत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भागातला मुख्य प्रश्न कुठला?" भावोजी म्हणाले, "खांड, साहेब. आमच्या गावची खांड कधीची गेलीय. ती मिळाली पाहिजे म्हणून आलो." मिळाली म्हणजे आमच्याकडे बुजली, सांधली. निरीक्षक मान डोलावत म्हणाले, "अगदी योग्य प्रश्न काढलात! साखर हा गरिबाचा हक्क आहे. रेशनवरची खांड कुणाच्या घशात जाते ते मी बघतो. तुमच्या गावाला दुप्पट साखर देऊ!" आणि टाळ्या पडल्या. हो, टाळ्या. समोर बसलेल्या सगळ्या इच्छुकांना खांड म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यातले निम्मे खांडीच्या पाण्यात पोहायला शिकलेले. पण साहेबांनी साखर म्हटलं की साखर! ठेकेदारानं तर "वा साहेब!" म्हणून मांडीवर थाप मारली.

यांनी माझा हात दाबला. आता नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं, एवढंच राहिलं होतं. भावोजींनी हात जोडायला उचललेही... ते मी स्वतः पाहिलंय. आणि मग ते हात खाली आले. "आपण म्हणता, गावाला दुप्पट साखर देऊ. बरोबर?" साहेब प्रसन्न हसून म्हणाले, "बरोबर!" भावोजी म्हणाले, "निरोप चुकला, साहेब. परत सांगतो. खांड म्हणजे साखर नव्हे. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. तिच्यातून समुद्र आमच्या शेतात येतो." शेजारच्या कारखान्यात कुणीतरी साचा ठोकत होतं ते कार्यालयात ऐकू आलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली आनंदीआत्या खो खो हसत सुटली आणि मोठ्यानं म्हणाली, "आवो साहेब, त्या पाण्यात साखर घातली तरी त्ये खारंच लागंल!" उरलीसुरली आशा तिथेच संपली.

तिकीट ठेकेदाराला मिळालं. बाकीच्या जवळजवळ सगळ्यांनी बंडखोरी केली, अपक्ष म्हणून अर्ज भरले. आमचे हेही भावोजींना म्हणाले, "तुम्ही बंड करा, गाव तुमच्या मागे आहे." भावोजी असे ताडकन उठून उभे राहिले की यांच्या हातातला चहा सांडला. "फौजेत या शब्दाला काय शिक्षा असते ठाऊक आहे का?" म्हणाले. विषय बंद झाला. पण मला काही चैन पडेना. ताई आत गेल्याचं बघून मी विचारलं, साहेबांना दुरुस्त केलंत त्याचं वाईट वाटतं का. त्यांनी प्रश्न परत म्हटला, मी बरोबर म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, "वाटतं. तिकीट हवं होतं मला. फार हवं होतं." असं ते कधी बोलत नसत. मला उगाच विचारलं असं झालं. मग थोड्या वेळानं स्वतःशीच हसून म्हणाले, "पण ती साखर आणून टाकली कुठे असती गो? बांधात?"

गंमत पुढेच आहे. ठेकेदार प्रचाराला भावोजींच्या गावात गेला. पारावर सभा झाली, मिठागरावरून लोक तसेच पायाला चिखल घेऊन आले. त्यानं विचारलं, काय पाहिजे? लोक म्हणाले, खांड बुजवून पाहिजे. "करू, करू," म्हणत तो जीपकडे निघाला, तर आनंदीआत्या आडवी झाली. "आमी काय बोललो तं सांग परत." तो हसला. ती हसली नाही. "सांग ना. सुभेदारानं शिकवलंय आमाला." शेवटी त्या भल्या माणसाला जीपच्या फूटबोर्डवर उभं राहून म्हणावं लागलं, "तुमच्या गावची खांड बुजवायची." आणि सगळ्या गावानं एका सुरात उत्तर दिलं, "बरोबर!" तो निवडून आला. नंतर लग्नाला येवो, मयताला येवो, गाव त्याच्याकडून ते एक वाक्य म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नसे. लगेच काही झालं नाही. पण ते वाक्य त्याच्या तोंडात असं बसलं की जिल्ह्याच्या बैठकीत भलत्याच विषयावर बोलताना ते बाहेर पडलं, असं म्हणतात. एका उन्हाळ्यात यंत्र आलं, दगड आले आणि खांड मिळाली. उद्घाटनाला भावोजींना बोलावलं नव्हतं. ते एसटीनं गेले, गर्दीच्या मागे उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतर एक रिवाजच पडून गेला. उधाणाच्या दिवशी पाणी ओसरलं की आनंदीआत्या बांधावरून फिरून यायची आणि गावच्या दुकानातून रामवाडीला फोन करायची. "बांध शाबूत हाय." भावोजी म्हणायचे, "बांध शाबूत आहे. बरोबर?" ती बरोबर म्हणायची आणि फोन ठेवायची. कशी आहेस, बरी आहेस का, काही नाही. ताई म्हणायची, प्रेमात पडलेली माणसंसुद्धा इतक्या नेमानं फोन करत नाहीत.

यंदा त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा ते पुढच्या खोलीत फोनशेजारच्या खाटेवर पडून होते. मला बघून काहीतरी सांगू लागले, पण घशातून नुसता घरघर आवाज येत होता. आता निरोप घेणारी मी होते आणि मला तो लागत नव्हता. "पाणी हवंय. बरोबर?" मान हलली, नाही. "ताईला बोलावू? कूस बदलायचीय?" नाही. डोळ्यांत चीड आली होती त्यांच्या, आणि मला तर रडूच येत होतं. तेवढ्यात मागून ताई म्हणाली, "आज पुनव गो." मी विचारलं, "खांड?" त्यांनी डोळे मिटले आणि चालत्या हाताचं एक बोट उचललं. मी गावच्या दुकानात फोन लावला. आत्या अजून बांधावरच होती. ती येईपर्यंत मी फोन कानाला धरून बसले. मग तिचा आवाज आला, मी तो निरोप त्यांना जसाच्या तसा सांगितला, आणि ते बोट पुन्हा वर गेलं. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य आटोपल्यावर मी चार दिवस ताईकडे राहिले. खाट अजून फोनशेजारीच आहे, ताई हलवू देत नाही. दुपारी फोन वाजला. ताईनं उचलला, ऐकलं, "बरं आत्या," म्हणून ठेवला. मग खाटेकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाली, "बांध शाबूत हाय." आणि तशीच उभी राहिली. निरोप सांगून झाला होता, पण तो पोचला असं धरायचं तर कुणीतरी परत म्हणायला हवा होता... ती वाट बघत होती. मी तांदूळ पाखडत होते ते सूप खाली ठेवलं.

"बांध शाबूत आहे," मी म्हणाले. "बरोबर?"

ताईनं पदरानं डोळे पुसले. "बरोबर," ती म्हणाली.