बहिणीचं नाव पाहुण्यांच्या वहीत?

मंडळी, आज सकाळी म्हापशाला वकिलांकडे गेलो होतो. नदीकाठच्या चोपड्यातलं आमचं घर पर्यटकांना आठ-पंधरा दिवसांसाठी भाड्याने द्यायचं ठरवलंय. आई गेल्यापासून चार खोल्यांत मी आणि बायको, दोघंच.

वकिलांनी नियम सांगितले. आधी पर्यटन खात्यात नोंदणी करायची, घराच्या सगळ्या वारसदारांची संमती जोडायची, येणाऱ्या पाहुण्यांची नावं वहीत लिहायची आणि परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं.

दुसरी वारसदार म्हणजे माझी धाकटी बहीण शैला. वीस वर्षं ती लिस्बनला आहे, आता पासपोर्टही तिथलाच. दुपारी फोन करून तिला सगळं सांगितलं.

"सही करतां मरे दादा," ती म्हणाली. "पूण चवथीक हांव आयलें, तर म्हजें नांव पाहुण्यांच्या वहीत बरयतलो?"

गणपतीला घरी येणारी बहीण आणि पाहुण्यांच्या वहीत! मी हसलो. ती हसली नाही.

"दर वर्सा म्हणटां, औंदा येतलें. सुटी मेळना. पूण न्हंयकडली म्हजी खोली आसा, म्हणून तरी म्हणटां."

नदीकडची ती खोली अजून तिचीच आहे. फोन ठेवून वकिलांना विचारलं, सगळंच घर द्यावं लागतं का? ते म्हणाले, "द्याल तेवढ्याच खोल्या नोंदवा."

संध्याकाळी अर्जात 'खोल्या' पुढे तीन लिहिलं. बायकोने तो आकडा पाहिला. उठली आणि शैलाच्या खोलीतली चादर बदलून आली.

तुमच्याही घरी अशी कुणासाठी राखलेली खोली आहे का? आणि ते माणूस येतं का हो?