हिरवी चिप लाल झाली तेव्हा

विक्रोळीच्या आमच्या कॉलेजात माझ्याकडे पीएचडी करणारी एकच विद्यार्थिनी आहे. तिचं काम चालतं नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर. आम्लात ठेवून वीज सोडली की चिपला न दिसणारी असंख्य भोकं पडतात आणि ती हिरवी चमकू लागते. भोकांत काही शिरलं की रंग सरकतो. भोकांच्या आत ती डीएनएचा एक पदर चिकटवते. त्याच्या जोडीचा पदर येऊन बसला तर रंग किंचित हलतो, परका आला तर हलत नाही. पुढेमागे क्षयाचे जंतू असे ओळखता येतील, ही आशा.

'किंचित' हा शब्द आमच्या विभागप्रमुखांना आवडत नाही.

"कॉलेज पाहायला बडे पाहुणे येताहेत, त्यांच्यासमोर रंग झकास बदलला पाहिजे," त्यांनी बजावलं. "तर प्रयोगशाळा आणखी वर्षभर तुमची. नाहीतर तिथे परीक्षा विभागाची कपाटं."

तिला तेवढंच एक वर्ष हवं होतं.

पाहुणे आले. शाल झाली, श्रीफळ झालं, पूर्वजांना डीएनए ठाऊक होता हे सांगणारं भाषणही झालं. मग प्रयोगशाळेच्या दारात पाहुण्यांनी हाताला भरपूर सॅनिटायझर चोळलं, आत आले आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ करून चिपवर वाकले. हिरवी चिप लाल झाली.

टाळ्या पडल्या. प्रमुख म्हणाले, "पाहिलंत? सापडला डीएनए!"

डीएनएची कुपी अजून बर्फातच होती. मी तिच्याकडे पाहून डोळे मोठे केले.

"सर, डीएनए अजून टाकलाच नाही," ती पाहुण्यांना म्हणाली. "तुमच्या हातावरच्या सॅनिटायझरची वाफ आत गेलीय."

पाहुण्यांनी हात मागे घेतले. सगळ्यांच्या देखत चिप पुन्हा हिरवी झाली.

"मग खरं कधी दिसेल?"

"दीड तासाने. तेही नुसत्या डोळ्यांना नाही, यंत्रावर."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. "फार प्रामाणिक आहेस हो, बाळ," असं ते सांत्वनाला आल्यासारखं म्हणाले आणि सगळे जेवायला गेले.

मी गेलो नाही. प्रमुखांच्या पंगतीला बसायची हिंमत नव्हती. त्याला तत्त्वनिष्ठा म्हणायचं कारण नाही. तिने दोन चिप घेतल्या, एकीवर जोडीचा डीएनए टाकला, दुसरीवर परका. तीन वाजता पडद्यावर पहिलीची रेषा सरकली. दुसरीची जागच्या जागी.

"हललं, सर."

"किती?"

"किंचित." ती पहिल्यांदाच हसली. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मघाशी तुम्ही मला गप्प बसवत होतात ना?"

"हो."

"मला वाटलं होतं, तुम्हीच सांगाल."



पुढच्या आठवड्यात कपाटं आली. मी तिचं यंत्र माझ्या केबिनमध्ये हलवलं आणि स्वतः स्टाफरूममध्ये कूलरशेजारी बसू लागलो. केबिनमध्ये आम्ल आणता येत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा ती अंधेरीच्या एका कॉलेजात जाऊन चिप तयार करून आणते. केबिनच्या दारावर पाटी अजून माझीच आहे. आत जायचं असलं की मी दार वाजवतो.