मेथीच्या वाफ्यातले जावई

त्या सकाळी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी विहिरीजवळ नाक मातीले टेकवून रांगत होतो. बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं विचारलं, काय हरवलं? बायको म्हणाली, "ह्यांची अक्कल." तो हसत गेला. आम्ही तर तिथंच लोळलो.

वाफा तिचा, मेथीचा. त्याचं वाटोळं मी केलेलं. खुंटा मोडला म्हणून मी म्हैस इंजिनाच्या डिझेलच्या ड्रमले बांधली. म्हशीले कडबा दिसला, ती निघाली, मागून ड्रम निघाला. सारं डिझेल मेथीवर. मंग तिथं गवतही येईना. बायकोनं सांगून टाकलं, खाईन तर याच वाफ्यातली मेथी. बाजारातली घरात आणायची नाही.

मेहकरहून शेतीखात्याचा एक माणूस आला. म्हणे, मातीत डोळ्याले न दिसणारे जीव असतात, त्यातले काही डिझेल खातात. पण नुसत्या डिझेलवर त्यायचं भागत नाही. शेण-गोमूत्राचा काला द्या, ओल ठेवा, माती खालीवर करा. मले वाटलं, हा थट्टा करून राह्यला. तिले मात्र पटलं. ह्या जिवायले काम सांगता येत नाही, अन् खायले वेळेवर लागते.

"जावईच की हो हे," ती म्हणाली.

आम्हाले लेकरूबाळ नव्हतं. एकदम इतके जावई आले म्हणून ती हरखली. रोज सकाळी बादलीभर काला ओते, अन् माझ्या हाती कुदळ देऊन म्हणे, वारा घाला त्यायले.

असा पावसाळा गेला, थंडी लागली. त्या सकाळी डिझेल गेलं का म्हणून आम्ही माती हुंगत होतो; मले वास येत होता, तिले नाही. "हातच डिझेलचे आहेत तुमचे," ती म्हणाली, "ते मांगं धरा अन् मंग हुंगा." मी हात मांगं धरले, वाकलो, अन् तोंडावर पडलो. माती तोंडात गेली. चव निव्वळ मातीची. ती पोट धरून हसली अन् हसता हसताच मेथी पेरली.

दुपारी भाकरी थापता थापता ती चुलीपुढं कलंडली. उठली नाही. दिवस बुडायच्या आत सारं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बसायले आलेल्या लोकायतून मी उठलो अन् बादलीत शेण कालवलं. थोरला चुलतभाऊ म्हणे, अबे, सुतकात शेताचं काम करते का कोणी?

"जावई उपाशी आहेत," मी म्हटलं.

आम्हाले लेक नाही, हे साऱ्या गावाले माहीत. मी वाफ्यावर काला ओतला, हात मांगं धरले, अन् वाकून हुंगलं.