झाकणाखालचा हिरवा दोरा

नोकरीत मी दंगली पाहिल्या, अंगावर उगारलेले सुरे पाहिले. पण खरी भीती मला एकदाच वाटली, आणि तीही माझ्याच ठाण्यात, माझ्याच खुर्चीत बसलेलो असताना. ती दुपार मी आजही विसरलेलो नाही.

सोलापुरात मी तेव्हा फौजदार होतो. आणीबाणीचे दिवस होते. मला जुन्या मनगटी घड्याळांचा नाद होता. आठवडी बाजारात किंवा जुन्या सामानाच्या दुकानात चावीचे एखादे घड्याळ दिसले की माझा पाय तिथेच अडकायचा. ते घ्यायचे आणि चाचांकडे न्यायचे. चाचा म्हणजे ठाण्याजवळच्या बोळात बसणारे म्हातारे घड्याळजी. सुट्टीच्या सकाळी क्वार्टरमध्ये सतरंजीवर सगळी घड्याळे मांडायची, एकेकाला चावी द्यायची आणि कानाशी धरायची. प्रत्येकाची टिकटिक निराळी. बायको म्हणायची, "घरात माणसं चार आणि वेळा एकोणीस."

त्यातले एक मला फार आवडे. स्विस बनावट, सायीच्या रंगाची तबकडी, निळसर काटे, सेकंदाचा काटा सहाच्या आकड्यावर छोट्याशा वेगळ्या वर्तुळात फिरणारा. त्या दुपारच्या सहा-सात महिने आधी जुन्या सामानाच्या दुकानातून ते घेतले होते. ड्यूटीवर मी तेच घालत असे.

त्याच सुमारास सुताने भरलेल्या एका ट्रकचे प्रकरण आमच्याकडे दाखल झाले होते. ट्रक विजापूर रस्त्याला रिकामा सापडला. सूत नाही, ड्रायव्हर नाही. क्लीनर तिशीचा गडी होता. त्याने जबाब दिला की ड्रायव्हरने मला चहाच्या टपरीवर उतरवले आणि गाडी घेऊन निघून गेला. ड्रायव्हर मोडनिंबचा होता. आम्ही त्याला फरारी दाखवले आणि त्याच्या बायकोला अधूनमधून चौकशीला बोलावू लागलो. नवरा चोरून पैसे पाठवत असेल, चिठ्ठी देत असेल, असा आमचा हिशेब. आधी दोनदा तिचा जबाब हवालदारांनी घेतला होता. तिसऱ्या वेळी ती सासऱ्याबरोबर माझ्यापुढे आली.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. ती उत्तर देता देता थांबली. चेहऱ्यावरचे रक्त उतरले, हात पदरात घट्ट आवळले गेले. मला वाटले, नेमक्या जागी बोट लागले. मी आवाज चढवला.

"कुठे आहे तो? खरं सांग."

बोलला तो सासरा, खाली मान घालून. "साएब, घड्याळ लई चांगलं हाय. कुटनं घेतलं?"

मला प्रश्न विचित्र वाटला, पण नादी माणसाला अशा प्रश्नाचे बरेच वाटते. मी म्हणालो, "इथलंच आहे, बाजारातलं."

तेव्हा ती बाई उभी राहिली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "आमचं मालक कुटं हायती ते आमाला काय इचारता? तुमालाच म्हाईत की. त्यांचं घड्याळ तुमच्या हातात हाय."

हवालदार ओरडले. मी त्यांना हाताने थांबवले.

"अशी घड्याळं पुष्कळ असतात, बाई."

"झाकान उघडून बगा. सैल झालं हुतं, पानी जायाचं आत. मी हिरवा दोरा मेनात भिजवून बसवलाय कडंनं."

मी झाकण कधी उघडले नव्हते, ते काम चाचांचे. खिशातला चाकू काढला. दुसऱ्या प्रयत्नात झाकण निघाले. कडेच्या खाचेत केसाएवढा बारीक हिरवा दोरा बसलेला होता.

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, घड्याळ कपाटात टाका. मी या दोघांना वाटेला लावतो. कोण विचारणार आहे?"

त्या दिवसांत खरोखरच कुणी विचारले नसते. मी पाणी मागवले, प्यायलो. नोकरी डोळ्यांपुढे आली, मुलांच्या शाळा आल्या. मग स्टेशन डायरी पुढे ओढली आणि नोंद लिहिली. पंच बोलावले. माझ्याच मनगटावरच्या घड्याळाचा जप्ती पंचनामा मीच करवून घेतला आणि वरिष्ठांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी शांतपणे विचारले, "विकत घेतलं याचा पुरावा?"

"नाही, साहेब."

"बाकीची किती आहेत?"

"अठरा."

तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. घरातून मी घड्याळे ठेवत असे तो बिस्किटाचा डबा आणला गेला आणि घड्याळे टेबलावर मांडली गेली. प्रत्येकाबद्दल मला विचारले, कुणाकडून, केव्हा? सातांचे सांगता आले. उरलेली अकरा कुणाच्या हातावरून निघाली होती, हे मी घेताना एकदाही विचारले नव्हते. ती सगळी माझ्यासमोर मांडलेली होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

दुकानदाराला आणले. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "या साहेबांना मी ओळखतच नाही." मी खरे सांगत होतो आणि खोलीत कुणाचाच माझ्यावर विश्वास नव्हता. चाचांनाही विचारले. त्यांनी मान हलवली. "रोज किती घड्याळं येतात, साहेब. कसं लक्षात राहील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आपण होऊन आले. ती बाई आणि म्हातारा घरी न जाता ठाण्याच्या पायरीवर बसून होते, हे त्यांनी येता-जाता पाहिले होते.

"काल मी डरलो," ते म्हणाले. "त्याच बाजारात मला रोज बसायचं आहे. झाकणाच्या आत बघा. माझ्या खुणेचे दोन ओरखडे आहेत. एक या साहेबांनी आणलं तेव्हाचा. पहला त्याच्या आधीचा, तेव्हा हाच दुकानदार घेऊन आला होता. ट्रकच्या क्लीनरकडून घेतलं म्हणाला. दोरा कुणीतरी जपून बसवलेला दिसला, म्हणून मी काढला नाही."

भिंगातून दोन्ही खुणा दिसल्या. दुकानदार तासाभरात बोलता झाला. क्लीनर मैंदर्गीला भावाकडे राहत होता, तिथून त्याला उचलले. त्याने दोघांना हाताशी धरून सूत विकायचा बेत केला होता. ड्रायव्हर तयार झाला नाही, म्हणून त्याला मारून रस्त्यालगतच्या पडक्या विहिरीत टाकले होते. पंचांसमक्ष प्रेत काढले. बायकोने वहाणांवरून ओळखले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "पळालं न्हवतं ते." सात महिने आम्ही त्या माणसाला चोर म्हणत होतो.

माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, नोकरी राहिली. त्या अकरा घड्याळांची वर्णने सगळ्या ठाण्यांना पाठवली, त्यांतल्या दोनांचे मालक सापडले. पुढे मी घड्याळे जमवली, नाही असे नाही. पण देणाऱ्याचे नाव-गाव लिहून घेतल्याशिवाय एकही घरात आणले नाही.

खटला संपल्यावर मोडनिंबला जाऊन ते घड्याळ मी ड्रायव्हरच्या बायकोच्या हाती दिले. म्हातारा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "साएब, त्या दिशी बोलताना तिला वाटलं हुतं, आता आपन घरी जात न्हाई. नवऱ्याला मारलं त्येच माणूस म्होरं बसलंय, असं तिच्या मनानं घेतलं हुतं. तरी बोलली."

समोरच्या माणसाची भीती म्हणजे गुन्ह्याची कबुली, असे मी तोवर धरून चालत होतो. त्यानंतर कुणी घाबरलेला दिसला की मी आवाज खाली आणायचो आणि त्याला नेमके कशाचे भय वाटते आहे, हे आधी विचारायचो. पुष्कळदा ते आमचेच असे.

लोक माझ्या त्या नोंदीचे कौतुक करतात. पण डायरी ओढण्याआधी हवालदारांचा सल्ला मला पटला होता, निदान तो पाण्याचा पेला संपेपर्यंत. हे आजवर मी कुणाला सांगितले नव्हते.