तिला सोडून द्या

कळंबच्या ज्या गल्लीत कांताबाई राहते, तिथं तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही. शाळेत पोषण आहाराची खिचडी ती शिजवते, आणि डाळ कमी आली की ती डाळ कोणत्या वाटेनं कोणाच्या घरी गेली असेल, हे शाळेच्या भर अंगणात मोठ्यानं बोलून दाखवते. हेडमास्तर तेवढ्या वेळेपुरते खोलीत काहीतरी शोधत असतात. अशी बाई गप्प बसली तर शेजारीण पाजारीण तापाची गोळी घेऊन येणार. गेल्या हिवाळ्यात ती गप्प झाली. ती मोबाइलवरच्या एका खेळापायी झाली, हे सांगून कोणाला पटायचं नाही, पण झालं तसंच.

खेळ घरात आणला तिच्या मुलीनं, ममतानं. ती यवतमाळला शिकली आणि आता पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करते. परदेशातले खेळ मराठीत आणायचे, हे काम. या खेळात उड्या मारायच्या नसतात की गोळ्या झाडायच्या नसतात. एक चित्र येतं, खाली मजकूर येतो, आपण वाचत जायचं. मधेच खेळ थांबतो आणि विचारतो, आता काय करायचं? दोन-तीन वाटा दाखवतो. आपण एकीवर बोट ठेवलं की गोष्ट त्या वाटेनं पुढं जाते. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्याला. ही खुनाची गोष्ट होती. बर्फात अडकलेलं हॉटेल, मालक मेलेला, आणि खेळणारा म्हणजे तपासाला आलेला इन्स्पेक्टर.

ममता आपलं भाषांतर आधी आईला खेळायला देई. सातवी शिकलेल्या आईला कळलं तर महाराष्ट्रात कोणालाही कळेल, असा तिचा हिशेब. शाळेतून आल्यावर कांताबाई पाय पसरून, चष्मा नाकावर ओढून बसायची आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. वाचणं कमी, तपासणाऱ्यांचा उद्धार जास्त.

"एवढे मोठे साहेब अन् सैपाकघरात कोनी डोकावून नाई राह्यलं," ती म्हणायची. "अवं, मेलेल्यानं शेवटी काय खाल्लं थे तं पाह्य! यायले पगार कायचा भेटते?"

त्या हॉटेलात भांडी घासणारी रीना नावाची एक पोर होती. खून कोणी केला ते तिनं पाहिलेलं, पण भीतीनं तोंड उघडत नव्हती. हातावर वळ होते. तिचं चित्र आलं तशी कांताबाईची बडबड कमी झाली. "लेकरू भेलं हाये," ती म्हणाली. "त्याले काही इचारू नका. आधी जेवाले घाला." जेवायला घालायची वाट खेळात नव्हती, म्हणून तिनं ममतालाच दोन शब्द सुनावले.

मग तो प्रश्न आला. रीना मागच्या दारानं पळत असते, इन्स्पेक्टर तिचा दंड धरतो, आणि खेळ विचारतो, आता काय? खाली दोन वाटा. तिला कोंडून ठेवा. तिला सोडून द्या. कांताबाईनं क्षणाचाही विचार केला नाही. "सोड रे बाबा तिले, सोड," असं म्हणत तिनं बोट ठेवलं.

पुढच्या चित्रात बर्फ होतं आणि बर्फात रीनाचा निळा झगा होता. खाली लिहिलं होतं की इन्स्पेक्टर तिला तिथंच टाकून पुढं गेला आणि सकाळी ती सापडली.

"म्या सोड म्हटलं होतं!" कांताबाई ओरडली. "टाकून दे नोतं म्हटलं! काय लिहिलं वं तू?"

ममतानं मूळ वाक्य काढून पाहिलं. चूक तिचीच होती. तिथं तिला तिच्या नशिबावर टाकून पुढं जा, असा अर्थ होता, आणि तिनं हाताला आला तो शब्द वापरला होता. "आई, शब्द चुकला," ती म्हणाली. "बदलते ना मी. एवढं काय?"

एवढं काय ते तिला ठाऊक होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. आईचा चेहरा पाहिल्यावर आठवलं.

आपल्या भाषेत या सोडण्याला काही धरबंद नाही. पाहुण्याला स्टँडवर सोडतात, जनावराला रानात सोडतात, नवरा बायकोला सोडतो, भांडण मिटवायचं तरी सोडून द्या म्हणतात. लेकीला सासरी नेऊन पोचवलं, तरी सोडून आलो म्हणतात. कांताची थोरली बहीण रुखमा झरी जामणीकडच्या गावात दिलेली. एकदा ती एकटीच माहेरी आली, पदराखाली हात लपवून. घरात कोणी तिला दोष दिला, कोणी नवऱ्याला. संध्याकाळी अंगणात वडील बापूजी आणि उकंडाकाका बसले आणि बापूजींनी शाळेत जाणाऱ्या कांताला हाक मारली. आपल्या घरात पोरींनाही विचारतात, याचा त्यांना अभिमान होता. "तू शिकून राह्यली," ते म्हणाले. "सांग, काय करायचं?" कांता म्हणाली, "सोडून द्या ना तिले." तिला म्हणायचं होतं की मोकळं करा तिला, छळू नका, राहू द्या इथंच. सकाळी उकंडाकाका रुखमाला घेऊन गेले आणि सासरी सोडून आले.

पोळ्याच्या आत निरोप आला. विहिरीवर पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि तसंच कागदावर लिहिलं गेलं. मग माहेरच्यांनी आरडाओरडा केला, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. त्यानंतर सुतकात, लग्नात, जिथं म्हणून रुखमाचा विषय निघे, तिथं कोणीतरी म्हणेच, कांतीनंच तर सांगितलं होतं सोडून द्या म्हणून. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसे. कांताच्या मनात मात्र एकच हिशेब राहिला. नुसतं "ठेवा तिले" म्हटलं असतं तर रुखमा आज असती. तिचीही नातवंडं असती.

म्हणून त्या दुपारी ममतानं शब्द बदलल्याबरोबर कांताबाईनं मोबाइल परत हातात घेतला. आता कोंडून ठेवून पाहिलं. खोलीत रीनाला कोणीतरी दुधातून काहीतरी दिलं. आधीचे प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवून आली, तेव्हा तिसरी वाट उघडली, तिच्यासोबत जा. कांताबाईचा चेहरा फुलला. सोबत गेली. घाटात दरड कोसळली आणि इन्स्पेक्टर एकटाच शुद्धीवर आला. मग तिनं अगदी पहिल्या पानापासून सुरुवात केली. खुनी कोण ते एव्हाना पाठ झालं होतं, त्याला पहिल्याच प्रश्नात पकडून दिलं, तर त्याचा भाऊ निघाला आणि त्यानं रीनाला गाठलं.

रोज दुपारी हेच. गल्लीत भांडणं होईनात. शाळेत एकदा खिचडीत मीठ दोनदा पडलं आणि हेडमास्तरांनी तक्रार केली, तर ती "हाव सर" एवढंच म्हणाली. हेडमास्तरच घाबरले.

"ममते," ती एक दिवस म्हणाली, "एक वाट तू घाल ना. लेकरू घरी पोचलं, एवढंच. मले बाकी कोनी मेलं तं चालते."

आईनं आजवर कोणापुढं पदर पसरला नव्हता. ममतानं कंपनीला विचारलं. उत्तर आलं की मूळ खेळच तसा आहे. रीना वाचत नाही. कोणत्याही वाटेनं गेलं तरी वाटा शेवटी तिथंच येऊन मिळतात, आणि लोकांना तेच आवडतं, आपल्या हातून काहीतरी चुकलं असेल म्हणून ते पुन्हा पुन्हा खेळतात. ममता म्हणाली, "मी शेवटची ओळ बदलून देते तुझ्यापुरती. ती घरी पोचली, असं लिहिते."

"अन् चित्र?"

"चित्र माझ्या हातात नाही गं, आई."

"मंग बर्फात पडलेल्या पोरीच्या खाली घरी पोचली लिहिशीन काय?" कांताबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिनं मोबाइल मांडीवर ठेवला आणि विचारलं, "पोरीचं आधीच ठरलं होतं, तं मंग मले इचारलं कायले?"

ममता सांगू लागली की खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, सगळं त्याच्याच हातात आहे, म्हणून विचारतात. मग तिच्या लक्षात आलं की आई आता खेळाबद्दल बोलत नव्हती.

रविवारी कांताबाई वणीच्या बसमध्ये बसली आणि तिथून राजूरला गेली. उकंडाकाकांचा मुलगा कोळशाच्या खाणीत आहे, काका त्याच्याकडे असतात. वय झालं आहे, पण कान आणि आठवण दोन्ही शाबूत. ओट्यावर कोळशाची बारीक काळी धूळ होती. सुनेनं तिथं फडकं मारलं, चटई टाकली, चहा ठेवला. कांताबाईनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"काका, रुखमाच्या वक्ती बापूजीनं मले इचारलं. म्या सोडून द्या म्हटलं. तुमाले समजलं होतं काय, म्या काय म्हणून राह्यली थे?"

"समजाले काय, लेकरू होती तू," काका म्हणाले. "तुले इचाराच्या आंगोदरच मी रुखमीच्या सासऱ्याले निरोप देल्ला होता, उद्या आणून सोडतो म्हणून. तिची पिशवी तुह्या मायनं भरून ठेवली होती."

"म्या ठेवा म्हटलं असतं तं?"

काकांनी खरोखरच विचार केला. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, उलट इतक्या वर्षांनी पोर विचारायला आली तर नीट सांगावं असंच त्यांच्या मनात होतं.

"तं तुह्या मायले इचारलं असतं," ते म्हणाले. "तिनं नाई म्हटलं असतं, तं मोठ्या आत्याले. कोनाच्या तरी तोंडून निघावं लागत होतं ना, बाई. बाप कसा म्हनन?"

आपला दोष नव्हता हे एकदा कळलं की छातीवरचा धोंडा उतरेल, असं बसमध्ये कांताबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एवढी वर्षं तिच्या मनात एक रुखमा जिवंत राहिली होती. कांतानं नीट शब्द वापरला असता तर वाचली असती, ती. तिला नातवंडं होती, केस पिकले होते, दिवाळीला ती माहेरी यायची. ती आता, राजूरच्या त्या ओट्यावर, गेली. तिच्यासाठी रडायला ना माहेर उरलं होतं ना सुतक.

"चहा निवून राह्यला, कांते," काका म्हणाले. तिनं कप उचलला आणि प्यायली.