तीन तासांचं खोटं

चुलतभाऊ फेलेटी गेल्याला अकरा महिने झाले होते आणि त्या अकरा महिन्यांत साकालियाने समुद्रात घोट्यापलीकडे पाय घातला नव्हता. मोटुलोआ बेट एवढंसं की या किनाऱ्यावर कुणी खोकललं तर त्या किनाऱ्यावर ऐकू जावं. तिथे समुद्र टाळून जगायचं म्हणजे श्वास टाळून जगण्यासारखंच. पण लोकांनी त्याचाही चांगलाच अर्थ लावला. "चुलतभावावर जीव होता हो बिचाऱ्याचा. पाणी बघवत नाही त्याला," असं बायका चटया विणता विणता म्हणायच्या.

गावाला ठाऊक होतं ते एवढंच. साकालिया आणि फेलेटी भाले घेऊन बाहेरच्या प्रवाळरांगेवर मासे मारायला गेले. फेलेटीने बुडी मारली तो वर आलाच नाही. साकालियाने सूर्य बुडेपर्यंत, तीन तास, एकट्याने त्याला शोधलं, हाका मारमारून त्याचा घसा बसला आणि मग रडत तो होडी घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या गेल्या. पोहताना पायात घालायचा रबरी पंजा तेवढा सापडला. गावच्या ख्रिस्ती देवळाचे पाळक इसिलेली यांनी फेलेटीच्या अंत्यप्रार्थनेत त्या तीन तासांवरच सगळा उपदेश केला होता. भावाने भावावर प्रेम करावं तर असं, म्हणाले होते.

त्यात ते तीन तास खोटे होते, आणि फेलेटी वर आलाच नाही हेही.

खरं घडलं होतं ते असं. होडीखालून शार्कची एक पट्ट्यापट्ट्यांची सावली गेली, होडीएवढीच लांब. फेलेटी तीसेक हातांवर वर आला. त्याने सावली पाहिली असावी, कारण त्याने भाला टाकला आणि हात वर करून ओरडला, "साका!" एकदाच. साकालियाचा हात इंजिनाच्या दोरीवर गेला. दोरी ओढली, इंजिन लागलं आणि त्याने होडी वळवली ती किनाऱ्याकडे. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. जवळच्या ओसाड बेटाच्या आडोशाला होडी लावून तो तिथे गुडघ्यांत डोकं घालून बसला. अंधारायला लागलं तेव्हा गावाकडे निघाला. "तीन तास शोधलं" हे वाक्य त्याने ठरवून रचलंही नव्हतं. कुणीतरी विचारलं, "केव्हापासून शोधतोयस रे?" आणि तोंडातून निघून गेलं.

तेव्हापासून भीती त्याच्या अंगात घर करून राहिली होती. मागून कुणी "साका" अशी हाक मारली की हातपाय गार पडायचे. देवळात सगळे डोळे मिटायचे तेव्हा हा उघडे ठेवायचा. आपल्याकडे कुणी बघत तर नाही ना, हे बघायचा. सत्तेचाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस, गायनमंडळात ज्याच्या खर्जाने बाकं हलायची, तो गाताना नुसते ओठ हलवू लागला.

अशात एका मंगळवारी पाळक त्याच्या शेतावर आले. तो कोनफळाच्या वेलांना काठ्या लावत होता.

"साकालिया, तिमाही सभेत तुझं नाव आलं," पाळक म्हणाले. "उपदेशकांच्या यादीत घ्यायचं ठरलंय तुला. येत्या रविवारी परीक्षेचा उपदेश कर. शास्त्रपाठ त्या रविवारचा ठरलेलाच आहे. उत्पत्ती, चौथा अध्याय."

"काइन आणि हाबेल? भावाने भावाला मारलं ते?" साकालिया म्हणाला. "पाळकसाहेब, मला नाही जमायचं. दुसरा कुणी..."

"नम्रपणा पुरे. भावाबद्दल बोलायला तुझ्याहून योग्य माणूस आहे का या बेटावर?"

पाळक हसत निघून गेले. साकालिया काठी धरून तिथेच मटकन बसला.

तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. त्याच्या बायकोने, सेइनीने, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं पुढ्यात ठेवली, तीही तशीच राहिली. "उपदेश करायचाय की फासावर जायचंय तुम्हाला?" ती म्हणाली. "तोंड बघा जरा आरशात. त्या हाबेलाचंसुद्धा एवढं पांढरं पडलं नसेल."

तो शेतात जाऊन मोठ्याने वाचायचा. परमेश्वर काइनाला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तिथे आला की त्याची बोबडी वळायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. शुक्रवारी वाचताना मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. देवाला माहीत होतं की. रक्त जमिनीतून ओरडतंय हे तो पुढच्याच वाक्यात म्हणतो. मग विचारलं कशाला? काइनाने स्वतःच्या तोंडाने सांगावं म्हणून. दार उघडं ठेवलं होतं आणि मी काय भावाचा राखणदार आहे, असं म्हणून काइनाने ते आतून लावून घेतलं. पुढे शिक्षा ऐकल्यावर काइन रडतो तेही स्वतःसाठी: मला कुणी मारून टाकेल. हाबेलाबद्दल अवाक्षर नाही.

साकालियाने पुस्तक मिटलं. अकरा महिने आपण भ्यालो ते कशाला? देवाला, गावाला, फेलेटीच्या दांडग्या मेहुण्याला, मनासेला. कळलं तर माझं काय होईल, एवढंच. त्या पाण्यात फेलेटीला काय वाटलं असेल, हा विचार आपण एकदाही शेवटापर्यंत केलेला नाही. त्या दुपारी त्याने तो केला आणि कोनफळाच्या वाफ्यात तोंड खुपसून गुरासारखा ओरडला.

शनिवारी सकाळी फेलेटीची बायको लोसे आली. अंगावर अजून काळे कपडे आणि हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. तिने गुंडाळी सोडली. कमरेची चटई होती, इतकी बारीक विणलेली की हाताला कापडासारखी लागावी. चार महिने तरी लागले असतील. देवळात कमरेला चटई गुंडाळल्याशिवाय कुणी जात नाही. तसं जाणं म्हणजे उघड्या अंगाने जाणं.

"उद्या ही नेसा, भावोजी," लोसे म्हणाली. "व्यासपीठावर माझ्या हातची असू दे."

त्याला हात पुढे करवेना.

"घ्या ना. तुम्हाला एक सांगू? त्या तीन तासांवर मी जगतेय. तो एकटा नव्हता, वरून त्याला कुणीतरी हाका मारत होतं, एवढं मनाशी धरते तेव्हा कुठे डोळा लागतो."

आता सांगितलं तर तिचा एवढा आधारही जाणार होता. गप्प बसणं हीच दया नव्हे का, असं त्याच्या मनाने झटकन सुचवलं, आणि ते इतक्या झटकन सुचलं म्हणूनच त्याला स्वतःची शंका आली.

"लोसे, मी शोधलं नाही."

"काय?"

"एक क्षणही नाही. मोठा मासा होता. मी घाबरलो आणि पळालो. सूर्य बुडेपर्यंत त्या ओसाड बेटाआड लपून बसलो होतो."

चुलीपाशी सेइनीच्या हातातला नारळ खाली पडला.

"जिवंत होता?" लोसेने विचारलं.

"हो."

"काही म्हणाला?"

"माझं नाव घेतलं. एकदा."

तिने चटई शांतपणे गुंडाळायला घेतली. घड्या नीट घातल्या. "क्षमा मागू नका," ती म्हणाली. "आज मागितलीत तर मी थुंकेन तोंडावर. ज्यांना ज्यांना ते तीन तास सांगितलेत, त्या सगळ्यांना उद्या हे सांगा." आणि ती चटई घेऊन निघून गेली.

सेइनीने पडलेला नारळ उचलला. मग म्हणाली, "मनासे मारील तुम्हाला."

"मारील."

"मला का नाही सांगितलंत?"

साकालिया पुस्तक उचलून शेताकडे निघाला.

रविवारी साकालिया देवळात शिरला तेव्हा त्याच्या कमरेला चटई नव्हती. घरात दुसऱ्या दोन होत्या, पण त्याने त्या घेतल्या नाहीत. तो चालत पुढे गेला तशी बाकाबाकांवरून कुजबुज सरकत गेली. एका म्हातारीने आपल्या नातीचे डोळे झाकले. तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. तिसऱ्या बाकावर मनासे बसला होता, शेजारी लोसे. तिने भावाला काही सांगितलं होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

त्याने शास्त्रपाठ वाचला. देवाने विचारलेल्या प्रश्नाशी आला तेव्हाही थांबला नाही. उपदेश सुरू होताच म्हातारे सवयीने "खरं आहे! खरं आहे!" म्हणू लागले.

"मलाही विचारलं होतं," साकालिया म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी विचारलं होतं, किनाऱ्यावर. भाऊ कुठे आहे? आणि मी काइनाहून चांगलं खोटं बोललो. तो उर्मट बोलला म्हणून पकडला गेला. मी रडत बोललो."

मग त्याने सावली, हाक, दोरी आणि ते ओसाड बेट सांगितलं. म्हाताऱ्यांचं "खरं आहे" थांबलं. छपराच्या पत्र्यावर चालणाऱ्या पक्ष्याची नखं ऐकू आली. साकालियाला वाटत होतं की आता छप्पर कोसळेल, किंवा मनासे उठेल. मनासे उठलाच. दोन पावलं पुढे आला. लोसेने त्याच्या मनगटाला धरलं आणि तो उभाच राहिला.

पाळक इसिलेली हळूहळू पुढे आले. "ते तीन तास मीही याच व्यासपीठावरून सांगितले होते," ते म्हणाले. "ऐकायला बरे वाटले म्हणून. प्रार्थना करू या." पण त्यांनाही प्रार्थनेत पुढचे शब्द सापडेनात. शेवटी लोक तसेच उठून गेले.

सोमवारी लोसे दारात आली. "ती जागा दाखवा."

होडी मनासेची. मनासे इंजिनाजवळ, लोसे मधे, साकालिया पुढे. उथळ निळं पाणी संपून गडद पाणी लागलं तशी त्याने होडीची कड घट्ट धरली. मनासे मला इथेच ढकलणार, हे तो धरूनच चालला होता. पाण्यावर पडलेल्या ढगांच्या प्रत्येक सावलीत त्याला पट्टे दिसत होते.

"इथे," तो म्हणाला.

मनासेने इंजिन बंद केलं.

"तो कुठे होता?"

साकालियाने हात केला. तीसेक हात. ते अंतर मनासेने डोळ्यांनी मोजलं, मग साकालियाकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

मनासेने त्याची गळपट्टी धरली आणि त्याला काठावर असा वाकवला की त्याचे केस पाण्याला लागले. साकालियाने हातपाय मारले नाहीत. भीतीने त्याला कपडे खराब झाल्याचंही कळलं नाही.

"सोड," लोसे म्हणाली. "मला नवरा परत मिळणार आहे का त्याने?" तिने पाण्याकडे तोंड केलं आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. पुन्हा मारली. मग मागे न बघता म्हणाली, "तुम्हीही मारा. तीन तास मारत होतात ना?"

साकालियाने हाक मारली. नंतर मारत राहिला, आवाज जाईपर्यंत. तीन तास झाले की नाही कुणी पाहिलं नाही. ऊन उतरलं तेव्हा लोसे म्हणाली, "चला."

उपदेशकांच्या यादीत त्याचं नाव गेलं नाही ते नाहीच. कावा नावाचं मुळांचं पेय प्यायला बसलेली मंडळी तो आला की त्याच्यापासून दूर सरकायची. डुक्कर हरवलं तरी कुणीतरी म्हणायचं, "साकाला पाठवा रे, तीन तासांत येईल!" तो मान खाली घालून ऐकायचा. क्षमा केली असं लोसे कधी म्हणाली नाही. पण दुसऱ्या वर्षी आपल्या मुलीच्या वाढदिवसाला जेवण शिजवायची तापल्या दगडांची भट्टी लावायला तिने त्यालाच बोलावलं, आणि मनासेने न बोलता त्याच्या बाजूला उभं राहून भट्टीचा खड्डा खणायला घेतला.

चौथ्या वर्षी पेनी नावाचा म्हातारा मासेमारीला गेला तो आला नाही. वारा सुटला होता. साकालियाने सेइनीच्या भावाची होडी मागून घेतली आणि इतरांच्या आधी निघाला. दुपारी परतला तेव्हा सगळं गाव वाळूवर उभं होतं.

"कुठवर गेलास?" मनासेने विचारलं.

तीच वाळू, तेवढीच माणसं. "दक्षिणेला सगळं पाहिलं. उत्तरेला प्रवाळरांगेतल्या खिंडीपर्यंतच गेलो," साकालिया म्हणाला. "पलीकडे लाटा बघून माझी छाती झाली नाही. मी भ्यालो आणि वळलो. खिंडीपलीकडचं मी काही पाहिलेलं नाही."

कुणीतरी हसलं. मनासे हसला नाही. त्याने दोघांना घेतलं आणि इकडेतिकडे वेळ न घालवता थेट खिंडीपलीकडे होडी घातली. पेनी उलट्या होडीला चिकटलेला सापडला, ओठ फुटलेला, पण शुद्धीत. होडी किनाऱ्याला आली तेव्हा साकालियाने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं.

आता तो साठीचा झालाय. समुद्रावर जातो. इंजिन मधेच बंद पडलं तर अजूनही त्याच्या हाताला कापरं भरतं आणि सोबत जो असेल त्याला तो तसं सांगतो.